आला, मालिकेत परत तो गोळ्या फेकायचा सीन आला!

नायिका आरशासमोर उभी. हातात मनाच्या आजारावरच्या गोळ्यांची बाटली, डोळ्यांत पाणी, मागे बासरी. झाकण उघडते, सगळ्या गोळ्या बेसिनमध्ये ओतते, नळ सोडते आणि खिडकी उघडून मोठ्ठा श्वास घेते. पुढच्या भागात बाईसाहेब हसतायत, चित्रं काढतायत, प्रेमात पडतायत. 'मला आता याची गरज नाही.' अगं, कोणी सांगितलं तुला? लेखकाने. आणि त्याला कोणी सांगितलं? दुसऱ्या मालिकेच्या लेखकाने!

नळ बंद केल्यावर काय होतं ते दाखवा ना एकदा. पॅरॉक्सेटीन किंवा व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची गोळी एकदम तोडली की २-३ दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, भलतीसलती स्वप्नं, आणि नजर वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका. ही औषधं शरीरातून भराभर निघून जातात म्हणून हे होतं. त्यांच्याच जातीचं फ्लुओक्सेटीन कित्येक आठवडे रेंगाळतं, त्यामुळे त्याचा हा त्रास कमी. म्हणूनच डोस पायरीपायरीने उतरवतात, आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या हिशोबाने. बरं, हा त्रास प्रत्येकाला होतोच असंही नाही. काहींना गोळी सोडल्यावर सुरुवातीला झकास वाटतं, कारण दुष्परिणाम गेलेले असतात आणि आजार अजून परतलेला नसतो. मालिका नेमकी त्याच आठवड्यात संपते! नैराश्याच्या पहिल्या खेपेला पूर्ण बरं वाटल्यानंतरही ६ ते ९ महिने गोळी चालू ठेवतात, ती काय डॉक्टरांना हौस म्हणून?

सुरुवातीचंही तेच. रात्री एक गोळी, सकाळी पडद्यातून ऊन, चेहऱ्यावर हसू. प्रत्यक्षात सर्ट्रालीन ही नैराश्यावरची गोळी २५ किंवा ५० मिलिग्रॅमवर सुरू होते आणि पहिल्या आठवड्यात मिळतं काय, तर मळमळ, पातळ जुलाब, उडालेली झोप, कधीकधी वाढलेली अस्वस्थता. फरक जाणवायला २ ते ४ आठवडे. औषध लागू पडतंय की नाही हे ठरवायला नीट डोसवर ६ ते ८ आठवडे, आणि ओसीडी (तेच तेच विचार, त्याच त्याच कृती करायला लावणारा आजार) असेल तर १० ते १२, तेही बहुतेक वेळा जास्त डोसवर. पण टीव्हीने सकाळचं ऊन दाखवलेलं असतं, म्हणून माणूस पाचव्या दिवशी म्हणतो, 'ही गोळी मला चालत नाही,' आणि सोडतो.

दुष्परिणाम दाखवूच नका असं कोण म्हणतंय? दाखवा की, पण खरे दाखवा! एकच ठरलेला: नजर शून्यात, तोंडातून लाळ. अँटिसायकोटिकचा, म्हणजे भास-भ्रमांवरच्या औषधाचा, डोस जास्त झाला तर माणूस जखडल्यासारखा होतो हे खरं आहे, पण तेव्हा डोस कमी करतात, औषध बदलतात. तो काही जन्मभराचा शाप नाही. ओलान्झापिन या अशाच औषधावर वाढणारं वजन, दर काही महिन्यांनी तपासायची साखर, नैराश्याच्या गोळ्यांनी उडालेली कामेच्छा, यावर एक वाक्य नाही. आणि रहस्य हवंय ना तुम्हाला? बायपोलरवरचं, म्हणजे मूडच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारावरचं, लिथियम घ्या! शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त काढून पातळी बघतात: ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास ठीक, १.५च्या वर धोका. गुडघा दुखला म्हणून कोणीतरी आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी देतं, त्यात जुलाब लागतात, शरीरातलं पाणी घटतं, पातळी चढते. बोटांची नेहमीची बारीक थरथर जाऊन हात मोठमोठे हलायला लागतात, जीभ जड, चालताना तोल जातो, आणि घरचे म्हणतात, प्यायलाय. आयता थरार आहे हा. पण नाही, तुम्हाला बेसिनच पाहिजे.

मग ते इंजेक्शन. मानेत खुपसलं की दोन सेकंदांत माणूस आडवा! अहो, आधी बोलून शांत करायचा प्रयत्न होतो, मग तोंडाने गोळी देऊ करतात, आणि अगदीच नाइलाज झाला तर दंडाच्या किंवा कुल्ल्याच्या स्नायूत. परिणामाला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. तो अर्धा तास धीराने थांबणारी नर्स एकाही मालिकेत नाही.

शॉकचा सीन तर विचारूच नका. जागा माणूस, पट्टे, किंचाळी, लुकलुकणारे दिवे. वास्तविक रुग्णाला भूल दिलेली असते आणि स्नायू सैल पडायचं औषधही. आकडी साधारण २० ते ६० सेकंदांची. शरीर इतकं कमी हलतं की आकडी दिसावी म्हणून एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा आवळून ठेवतात, म्हणजे सैल पाडणारं औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही आणि तेवढंच पाऊल थरथरतं. आठवड्यातून २-३ वेळा, एकूण बहुधा ६ ते १२. त्या काळातल्या आठवणी पुसट होऊ शकतात, हा खरा तोटा. तो दाखवायचा सोडून हे किंकाळ्या विकतात.

स्किझोफ्रेनिया म्हणजे एका अंगात दोन माणसं नव्हेत, हे किती वर्षं सांगायचं? त्यात बहुतेकदा आवाज ऐकू येतात, समोर बसून गप्पा मारणारा मित्र फार क्वचित. आणि बायपोलर म्हणजे चहा ठेवताना खूश नि गाळताना रडू असं नसतं. त्यातल्या उन्मादाचं (मूड अतोनात चढलेल्या काळाचं) निदान करायलाच तो साधारण आठवडाभर टिकावा लागतो.

शेवटच्या भागात आई पोरीच्या गोळ्या परत सुरू करते. डोक्यावरून हात फिरवत, पूर्वीचाच पूर्ण डोस. ती गोळी क्लोझापिनची (स्किझोफ्रेनियावरच्या औषधाची) असेल आणि मध्ये ४८ तासांहून जास्त खंड पडला असेल, तर परत १२.५ मिलिग्रॅमपासून चढावं लागतं, नाहीतर रक्तदाब धाडकन खाली येऊन पोरगी तिथेच कोसळायची. तेव्हा त्या आईला आधी डॉक्टरांना एक फोन तरी करू द्या. दहा सेकंदांचा संवाद आहे. मागे बासरी वाजत राहिली तरी चालेल.