अन्न कोणते, यापेक्षा किती

गोव्यात फोंड्याच्या आमच्या घरच्या कुत्र्याचे छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आले की वाद ठरलेला. त्याला मासे-भात द्यावा की पाकिटातले कोरडे खाणे, यावर दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात. तो फार सुटला आहे असे कोणी म्हटलेच, तर ‘खात्यापित्या घरचा आहे, दिसणारच’ असे उत्तर येते आणि चर्चा पुन्हा मासे-भाताकडे वळते. इंग्लंडमध्ये स्विंडनला राहू लागल्यापासून मला या वादात मुख्य प्रश्नच हरवलेला दिसतो, तो म्हणजे प्रमाणाचा.

आमच्या येथे मांजराला लस टोचायला नेले तरी पशुवैद्याकडे आधी त्याचे वजन करतात आणि मग बरगड्या चाचपून शरीराच्या ठेवणीला 1 (अगदी रोड) ते 9 (अति लठ्ठ) पैकी गुण देतात. मांजरासाठी 5 आणि कुत्र्यासाठी 4 ते 5 हे गुण उत्तम मानले जातात. ही चाचपणी घरीही जमते. वळलेल्या मुठीच्या उंचवट्यांवरून बोट फिरवावे, तशा बरगड्या लागल्या तर जनावर रोड आहे. सरळ धरलेल्या पालथ्या हातावर हाडे जितकी जाणवतात तितक्या जाणवल्या तर ते ठीक आहे. आणि तळव्यासारखा मांसल थर दाबून बरगडी शोधावी लागली तर ते लठ्ठ आहे. शिवाय वरून पाहताना कंबर दिसायला हवी.

अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर जन्मभर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच विणीतल्या जोड्यांना एकच अन्न दिले होते, फक्त एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी. कमी खाणारे कुत्रे सुमारे दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांना सांधेदुखीवरचे उपचारही उशिरा लागले. ‘कोणते अन्न’ या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला ठाऊक नाही.

आपल्याकडे खरी गफलत ताटाबाहेरच्या खाण्यात होते. सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पावाचा तुकडा, चहाच्या वेळी बिस्किटे, दुपारी तळलेल्या बांगड्याची कातडी, आणि देणारे हात चार, ज्यांतल्या कोणालाच दुसऱ्याने काय दिले ते माहीत नसते. नसबंदी झालेल्या दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी पुरतात आणि वरचा खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ नये, असे पशुवैद्य सांगतात. लहान गोड बिस्किटे दोन-तीन झाली की तो हिस्सा संपतो. त्यात जूनपासून चार महिने पावसामुळे फिरणे थांबते, पण वाढणारा हात मात्र तसाच राहतो. मोकळे अंगण आहे म्हणून व्यायाम होतो, हाही समज खरा नाही, कारण बहुतेक कुत्रे दिवसभर बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, पसरलेले असतात.

म्हणून इंग्लंडचे सगळेच गिरवावे असे मी म्हणणार नाही. पाळीव जनावराला योग्य आहार देणे येथे 2006 च्या कायद्याने मालकाचे कर्तव्य आहे, तरीही दिवसभर घरात कोंडलेली आणि संध्याकाळी अपराधीपणापोटी खाऊने लाडावलेली गुबगुबीत जनावरे मी रोज पाहते. ती खाऊची पाकिटे आता पणजी-मडगावच्या दुकानांतही दिसतात, आणि त्यांच्याऐवजी येथला वजनकाटा तिकडे पोहोचला असता तर मला अधिक आनंद झाला असता.

वजन उतरवताना घाई करू नये. कुत्र्याचे आठवड्याला एक-दोन टक्के उतरले तरी पुष्कळ झाले. मांजराच्या बाबतीत तर फारच जपावे लागते: लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते, तेव्हा त्याचे खाणे पशुवैद्याला विचारून, थोडे थोडेच कमी करावे. घरातल्यांना माझे एवढेच मागणे आहे की दिवसाचे सगळे खाणे सकाळीच एका डब्यात मोजून ठेवावे, ज्याला द्यायचे त्याने त्यातूनच द्यावे आणि महिन्यातून एकदा कुत्र्याला दवाखान्यातल्या काट्यावर उभे करावे. मग त्या डब्यात मासे-भात असला तरी माझी हरकत नाही. त्यातले काटे, मीठ, मसाला आणि कांदा तेवढा वगळावा.