अंतिम सामन्याच्या फाटकावर अडलेला पास

आमच्या गावच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होऊन तीन आठवडे झाले, तरी त्या संध्याकाळची एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. खाडीच्या अंगाला असलेले आमचे मैदान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पश्चिमेकडचा चिऱ्यांचा बांध आणि त्याच्या टोकाला, कॉर्नरच्या निशाणामागे, दरवर्षी उभे राहणारे अण्णा ठाऊक असतील. अण्णांचा व्यवसाय सुतारकामाचा, वय सत्तरीच्या पुढे. जानेवारीत स्पर्धा सुरू झाली की चार वाजता रंधा खाली ठेवून ते मैदानाची वाट धरतात. स्पर्धा बारा दिवसांची असते. तिचा पिवळ्या पुठ्ठ्याचा हंगामी पास निघतो आणि त्यावर फाटकावरचा मुलगा रोज पंचिंग मशीनने एक भोक पाडतो. अंतिम सामन्याच्या दिवशी अण्णांच्या पासावर अकरा भोके होती. बारावे पाडून घेण्यासाठी त्यांनी पास पुढे केला, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की आज हा पास चालणार नाही, आजचे तिकीट दोनशे रुपयांचे आहे, ते मोबाईलवर काढायचे होते आणि सगळी तिकिटे दोन दिवसांपूर्वीच संपली आहेत.

"माका ह्या कोणी सांगूक नाय," एवढेच अण्णा म्हणाले. फाटकावरचा मुलगा त्यांच्याच वाडीतला. "अण्णानू, माझ्या हातात काय नाय ओ," असे म्हणताना त्याचीही मान खाली गेली होती. मध्यंतराला मी बाहेर आलो, तेव्हा अण्णा रस्त्याच्या कडेला सुरूच्या झाडाखाली उभे होते. तेथून एकच गोलपोस्ट दिसतो. दुसऱ्या बाजूला काय चालले आहे ते लोकांच्या ओरड्यावरून ओळखावे लागते. पास अजून त्यांच्या हातातच होता.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे नाव मी लिहिणार नाही, कारण मंडळी आपलीच आहेत, कष्टाळू आहेत, आणि मला कोणाची बदनामी करायची नाही. त्यांची बाजूही मी समजून घेतली आहे. यंदा गोव्यातले दोन नामवंत संघ अंतिम फेरीत आले, त्यांच्याबरोबर व्यावसायिक खेळाडू आले, आणि कुडाळ, सावंतवाडी, बांद्यापासून थेट पेडण्यापर्यंतची माणसे दोनशे रुपये मोजायला तयार होती. प्रकाशझोतांसाठी जनरेटर, पंचांचे मानधन, संघांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था, हा खर्च वीस रुपयांच्या तिकिटातून निघत नाही. मग ज्या दिवशी मागणी आहे त्या दिवशी भाव का वाढवू नये, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न रास्त आहे. जगातले मोठमोठे क्लब हाच प्रश्न विचारतात आणि बहुतेक वेळा चुकीचे उत्तर देतात, असे मला वाटते.

मागणीप्रमाणे भाव ही पद्धत विमानाच्या तिकिटाला चालते, कारण एका कंपनीचे तिकीट महाग झाले तर प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे जातो किंवा सरळ रेल्वेने निघतो. फुटबॉलच्या प्रेक्षकाला ही मोकळीक नसते. ज्याने तीस वर्षे एका संघावर जीव लावला आहे, तो तिकीट महाग झाले म्हणून शेजारच्या संघाचा होऊ शकत नाही. तो घरखर्चातून काटकसर करील, उसने घेईल, पण येईल. आणि विकणाऱ्याला हे नेमके माहीत असते. म्हणजे ज्याची निष्ठा जास्त त्याच्याकडून जास्त वसूल करता येते, असा उफराटा हिशेब तयार होतो. निष्ठेचे मोल मिळण्याऐवजी निष्ठेमुळेच भुर्दंड पडतो. माझा सगळा आक्षेप या एका गोष्टीला आहे.

इंग्लंडमध्ये हे कसे घडत गेले ते पाहण्यासारखे आहे. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या मैदानावर चेंगराचेंगरी होऊन अखेरीस ९७ माणसे दगावली. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अंतिम अहवाल दिला आणि मोठ्या मैदानांवर उभे राहण्याच्या जागा काढून सर्वत्र आसने बसवावीत, अशी शिफारस केली. पण त्याच अहवालात त्यांनी असेही म्हटले होते की, उभे राहून पाहणाऱ्यांच्या खिशाला परवडेल अशा बेताने स्वस्त आसनांचे दर ठेवता येतील. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर त्या वेळी बसण्याचे तिकीट ६ पौंड आणि उभे राहण्याचे ४ पौंड होते, हा दाखलाही त्यांनी दिला होता. आसने बसली, दरांविषयीचे म्हणणे मात्र बाजूला राहिले आणि पुढच्या वर्षांत तिकिटे कैक पटींनी महाग झाली.

पुढे २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या मालकांनी नव्या प्रेक्षागारातल्या सर्वांत महाग तिकिटाचा दर ७७ पौंड ठरवला. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर निघून गेले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होता. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी जाहीर माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच आठवड्यात जर्मनीत डॉर्टमुंडच्या पाठीराख्यांनी स्टुटगार्टच्या मैदानावर महागड्या तिकिटांच्या निषेधार्थ टेनिसचे चेंडू टाकले. आणि त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या अव्वल साखळी स्पर्धेच्या, क्लबांनी परगावाहून आलेल्या पाठीराख्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली, जी मर्यादा वर्षानुवर्षे टिकली आहे. तरीही २०२४ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडने हंगामाच्या मध्यावरच शिल्लक तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला आणि त्यात मुलांना किंवा निवृत्तांना सवलत ठेवली नाही. धडा एकदा शिकून संपत नाही, हे त्यावरून दिसते.

जर्मनीचा मार्ग वेगळा आहे. तेथे बहुतेक क्लबांत मताधिकाराचा मोठा वाटा सभासदांच्या हाती राहावा असा नियम आहे, आणि डॉर्टमुंडच्या दक्षिण प्रेक्षागारात आजही सुमारे पंचवीस हजार माणसे उभे राहून, तुलनेने स्वस्तात सामना पाहतात. बायर्न म्युनिक क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष उली होनेस यांनी एकदा मांडलेला हिशेब मला फार पटतो. त्यांचा सर्वांत स्वस्त हंगामी पास तेव्हा १०४ पौंडांच्या आसपास होता. तो ३०० केला तर क्लबला वीसेक लाख पौंड जास्त मिळतील. पण खेळाडूच्या खरेदीची बोलणी चालू असताना एवढ्या रकमेवर आम्ही पाच मिनिटे घासाघीस करतो, आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र १०४ आणि ३०० यांतले अंतर प्रचंड आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रेक्षक म्हणजे दूध काढण्याची गाय नव्हे, हेही त्यांनी त्याच ओघात सांगितले होते.

तो हिशेब मी आमच्या स्पर्धेला लावून पाहिला. यंदा २१४ हंगामी पास विकले गेले. त्या सर्वांना अंतिम सामन्याला आत सोडले असते, तर दोनशेच्या दराने ४२,८०० रुपये कमी जमले असते. बक्षीस समारंभाच्या फटाक्यांचा आणि ध्वनियंत्रणेचा खर्च मंडळाने स्वतःच वाचून दाखवला आहे, आणि तो यापेक्षा जास्त आहे.

२०२६ च्या विश्वचषकाच्या तिकीटविक्रीतही हाच वाद झाला. या विश्वचषकासाठी फिफाने मागणीनुसार बदलणारे दर लावले, आणि सहभागी देशांच्या संघटनांमार्फत पाठीराख्यांना मिळणारे अंतिम सामन्याचे सर्वांत स्वस्त तिकीटही चार हजार डॉलरांच्या वर गेले. युरोपातील पाठीराख्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केल्यावर, १६ डिसेंबर २०२५ रोजी ६० डॉलरांच्या तिकिटांचा एक वर्ग जाहीर झाला, जो अंतिम सामन्यासह सर्व १०४ सामन्यांना लागू होता, आणि ती तिकिटे संघटनांनी आपल्या जुन्या, निष्ठावान पाठीराख्यांना द्यावीत असे ठरले. तत्त्व मान्य झाले याचा मला आनंद आहे. पण प्रत्येक संघटनेच्या वाट्याला सामन्याची आठ टक्के तिकिटे, आणि त्यांपैकी एक दशांश या दराची. म्हणजे ऐंशी हजारांच्या मैदानात एका देशाच्या जेमतेम ६४० माणसांना त्याचा लाभ.

नेहमी येणारा प्रेक्षक म्हणजे नेमके काय, हे मी गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर शिकलो. धेम्पो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर हे संघ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकत होते त्या काळापासून आम्ही तिघे-चौघे गाडी करून जात आलो आहोत. रात्री सामना संपल्यावर पत्रादेवीचा नाका ओलांडून घरी पोचायला मध्यरात्र होते. साध्या, मधल्या आठवड्यातल्या सामन्याला प्रेक्षागार अर्धे रिकामे असते, आणि जे असतात ते एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी सौदी अरेबियाच्या अल नासरचा संघ एफसी गोवाविरुद्ध खेळायला तेथे आला, तेव्हा रोनाल्डो दिसेल या आशेने कितीतरी माणसे आली होती, आणि रोनाल्डो आलाच नाही. सामना गोव्याने १-२ असा गमावला, पण ब्रायसन फर्नांडिसने गोल केला त्या क्षणी माझ्या पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ अनोळखी मुलाला मिठी मारून रडत होते. त्यांच्यासाठी त्या संध्याकाळी काहीही उणे नव्हते. ते ज्याच्यासाठी आले होते ते त्यांना मिळाले होते.

करोनाच्या काळात २०२०-२१ आणि २०२१-२२ अशा दोन हंगामांत इंडियन सुपर लीगचे सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथे झाले, आणि जवळजवळ सगळेच रिकाम्या प्रेक्षागारांसमोर. दूरदर्शन संचावर प्रशिक्षकाने मारलेली हाक आणि चेंडूला बसलेली लाथ स्पष्ट ऐकू येत असे, आणि गोल झाल्यावर पसरणारी ती शांतता बघवत नसे. प्रायोजकाला जो जल्लोष दाखवायचा असतो, तो रोज येणारा माणूस फुकट निर्माण करतो. त्याच्यामुळेच अंतिम सामना बघण्यासारखा होतो.

या विचाराला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. जुन्यांना प्राधान्य द्यायचे ठरवले की हळूहळू त्याचे वतन होते. आपल्याकडे जत्रेत मानकऱ्यांचा मान पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तो तेथे शोभतो, कारण तो देवाच्या सेवेशी जोडलेला आहे. मैदानावर तसे झाले तर पंधरा वर्षांच्या नव्या मुलाला कधीच आत येता येणार नाही. इंग्लंडमध्ये परगावच्या सामन्यांसाठी जी गुणपद्धत आहे (जितक्या सामन्यांना जाल तितके गुण, आणि ज्याचे गुण जास्त त्याला तिकीट आधी), तिच्यात ज्यांना प्रवास परवडतो त्यांचेच गुण साठत जातात आणि नवखा माणूस रांगेच्या शेवटीच राहतो, अशी तक्रार मी अनेकदा वाचली आहे, आणि ती खरी वाटते. म्हणून प्राधान्य वडिलांच्या नावावरून किंवा किती वर्षांपूर्वी सभासद झालो यावरून ठरू नये. याच हंगामात तुम्ही किती दिवस आलात, यावरून ठरावे. तसे केले तर यंदा पहिल्यांदाच पास काढून दहा दिवस आलेला शाळकरी मुलगा आणि अण्णा एकाच रांगेत उभे राहतील, आणि तीस वर्षांपूर्वी नियमित येणारा पण आता फक्त अंतिम सामन्याला उगवणारा माझ्यासारखा कोणी असेल तर तो मागे जाईल. मला ते मान्य आहे.

आणि हे मोजायला काही नवे यंत्र लागत नाही. पासावरची भोके मोजली की झाले. ज्याच्या पासावर आठ किंवा अधिक भोके आहेत, त्याला अंतिम सामन्याचे तिकीट नेहमीच्या दराने, मोबाईलवरची विक्री सुरू होण्याच्या दोन संध्याकाळी आधी, मैदानावरच्या खिडकीवर रोख पैसे देऊन मिळावे. ज्याला येणे जमणार नाही त्याने ते त्याच दरात खिडकीवरच परत करावे, म्हणजे काळ्याबाजाराला वाव राहणार नाही. शाळकरी मुलांसाठी शंभर तिकिटे वेगळी ठेवावीत. उरलेली तिकिटे मंडळाने दोनशेला विकावीत, तीनशेला विकावीत, त्याला माझी हरकत नाही. आणि पास विकतानाच तो कोणत्या दिवशी चालेल आणि कोणत्या दिवशी नाही, हे त्यावर ठळक मराठीत छापावे.

मंडळाने माझे म्हणणे ऐकून घेण्याचे मान्य केले आहे. येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता शाळेच्या व्हरांड्यात बैठक आहे. गावातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या ज्यांच्याकडे या किंवा मागच्या वर्षांचे पास असतील, त्यांनी ते घेऊन यावे. अण्णांनी आपले एकोणीस पास रबरबँड लावून, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्याकडे दिले आहेत. मोजून दिले आहेत, आणि सोमवारी सकाळी मोजून परत घेणार आहेत.