श्रावण, दाढी आणि एअरब्रश

तान्ह्या पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, ज्याचा रंगाचा हात चांगला आहे अशा माणसाने आमच्या भागात शक्यतो गावाला निघून जावे. श्रावणी अमावास्येला पोळा होतो तो खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोट्ट्यांचा आणि त्यांच्या चाकांवरच्या लाकडी नंदींचा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून विदर्भात ही रीत चालत आलेली आहे, आणि आमच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर गाजलेला आहे. वर्षभर माळ्यावर धूळ खात पडलेला नंदी श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात साऱ्या गावाला एकदम आठवतो, आणि शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माझ्या दारात, "गुरुजी, तेवढं फुस्सकन मारून द्या ना," असे म्हणत बापलेकांची रांग लागते.

या फुस्सकनपायी माझा श्रावण जातो. एअरब्रश हे रंग फवारणारे, दिसायला पेनाएवढे यंत्र. खटका खाली दाबला की हवा सुटते आणि मागे ओढला की रंग. थांबताना मात्र आधी रंग बंद करून मग हवा सोडायची, नाहीतर टोकाशी साचलेला थेंब पुढच्या फवाऱ्याबरोबर नंदीच्या कपाळावर जाऊन बसतो. 1879 साली हे यंत्र घडवणाऱ्यांपैकी एक, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला अबनर पीलर, याने ते जवाहिऱ्याच्या कामातल्या सुट्या भागांतून जुळवले, असे वाचल्यापासून मला त्याच्या घडणीविषयी काही विचारावेसे वाटत नाही. नथीची फिरकी घडते त्या जागेखेरीज इतके बारीक आटे कुठे निघणार? माझ्या ब्रशच्या नोझलचे, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या टोकाचे, छिद्र 0.3 मिलिमीटरचे आहे आणि अख्खे नोझल तांदळाच्या दाण्यापेक्षा फारसे मोठे नाही.

तथापि नोझलच्या आधी दाढीचे सांगितले पाहिजे. फवारणीसाठी मी जो मास्क वापरतो, त्याला दोन्ही गालांशी दोन डबे असतात. त्यांतला कोळसा थिनरची वाफ अडवतो आणि गाळणी रंगाचे कण अडवते. हे सर्व खरे, पण मास्कची रबरी कड कातडीला चिकटून बसली तरच. दोन्ही डबे तळहातांनी झाकून श्वास आत ओढला असता मास्क तोंडाला घट्ट ओढला गेला पाहिजे. गालावर खुंट वाढलेले असतील तर तो ओढला जात नाही आणि हवा बाजूच्या फटीतून खुशाल आत येते. आता श्रावणात दाढी करायची नाही हा आमच्या घरचा नेम, आणि पोळा नेमका श्रावणाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे दाढी ऐन भरात असताना. "श्रावणात वस्तरा लावत नसतात बावा, एवढंही समजत नाही का?" असे आईने ऐकवल्यावर मी फुप्फुसांची बाजू मांडून पाहिली, परंतु आमच्या घरात फुप्फुसांना श्रावणाइतका मान नाही. अखेर प्रकरण देवळातल्या महाराजांकडे गेले. नंदी हे महादेवाचे वाहन असल्यामुळे त्याच्या कामासाठी केलेल्या दाढीचा दोष लागत नाही, असा निर्णय देऊन त्यांनी लगेच आपल्या नातवाचा नंदी पुढे सरकवला.

मास्क चढवून मी सपरीत, म्हणजे ओसरीत, आलो की गल्लीतली कुत्री भुंकू लागतात आणि पोट्टे, "गुरुजी विमान चालवून राहिले का?" असे विचारतात. शेजारच्या आबाजींचा आक्षेप अधिक शास्त्रीय असतो. "पाण्याचाच तं रंग हाये, मंग तोंडाले डब्बे कायले बांधले?" रंग पाण्यात विरघळणारा असला तरी एअरब्रश त्याचे इतके बारीक धुके करतो की ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसांच्या तळाशी जाते, आणि तेथे गेलेला रंग धुऊन काढण्याची सोय नाही, हे मी त्यांना मास्कच्या आतून समजावतो; म्हणजे त्यांना त्यातले काहीच ऐकू येत नाही. मग ते आपला दुपट्टा नाकाभोवती गुंडाळून हे पाहा असे दाखवतात, दुपट्टा बाजूला सारतात आणि बिडी पेटवतात.

बिडीच्या बाबतीत मात्र मी वयाचा मुलाहिजा ठेवत नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जाण्याऐवजी जमिनीलगत सरपटत लांबवर जाते, आणि चार हातांवर बसलेल्या माणसाची बिडी किंवा अंगणातली चूल तिला पुरेशी होते. ब्रशला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरच्या स्विचमध्येही ठिणगी पडते, म्हणून तो लांब नळी लावून गुरांच्या कोठ्याच्या पलीकडे ठेवला आहे. त्यामुळे झाले असे की, कंप्रेसर रस्त्याच्या बाजूला गेला आणि सायकलीत हवा भरून मागणाऱ्यांची दुसरी रांग तेथे लागली. शेतातल्या डवरणीहून परतलेला एखादा गडी, "अंगावरची माती उडवून दे ना भाऊ," म्हणत नळीखाली उभा राहतो, त्याला हाकलताना मला फार कठोर व्हावे लागते. दाबाखालची हवा जखमेतून कातडीखाली शिरू शकते आणि डोळ्याकानांना इजा करते; पण फुकट हवेला नाही म्हणणारा माणूस म्हणून माझी गावात जी ख्याती झाली, ती झालीच.

त्यातच या दिवसांत झड लागलेली असते. कंप्रेसर दमट हवा दाबतो, ती टाकीत थंड होते आणि पाणी साचते. जलगाळणी बसवलेली नसली, किंवा टाकीच्या तळाची चावी उघडून रोजचे पाणी काढले नसले, तर 20 पीएसआय दाबाने नंदीच्या डोळ्यात काजळ घालत असताना मध्येच पाण्याची पिचकारी उडते आणि नंदी रडू लागतो. रडणारा नंदी कोणी बाप घेऊन जात नाही.

रंगाचीही चौकशी करावी लागते. लहान मूल नंदीचे शिंग तोंडात घालणारच, तेव्हा माळ्यावरचा जुना पिवळा-नारिंगी डबा मी उघडत नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 90 भागांच्या, आत ठेवण्याचे नियम आपल्याकडे 2016 साली झाले. त्याआधीच्या डब्याचा भरवसा कोणी द्यावा? एका हौशी बापाला नंदीवर गाडीसारखी चमक हवी होती आणि त्यासाठी त्याने हार्डनर मिसळण्याचा दोन डब्यांचा लॅकर सोबत आणला होता. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो, आणि त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, माझे डबे चालत नाहीत, असे सांगून मी नकार दिला. तेव्हा "नंदी रंगवायचा आहे की चंद्रावर जायचं आहे?" असे तो म्हणाला.

एवढे करून प्रत्यक्ष रंगकाम थोड्याच वेळात उरकते, आणि मग सुरू होते धुणे. प्रत्येक रंगानंतर ब्रशवरची रंगाची वाटी रिकामी करून पाणी फवारायचे, टोकावर फडके दाबून हवा उलटी वाटीत सोडायची म्हणजे आत अडकलेला रंग बुडबुड्यांबरोबर वर येतो. काम संपल्यावर नोझलमधली सुई काढून पुसायची, तीही टोकाच्या दिशेने, हलक्या हाताने. टोक किंचित जरी वाकले तरी पुढचा फवारा एका अंगाला जातो. अख्खा ब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवण्याचा आळशी मार्ग बंद आहे, कारण आतली रबरी वायसरे फुगतात. आईने एकदा चिंच आणि राख पुढे केली होती, तिच्या हातून ब्रश मोठ्या नम्रतेने परत घ्यावा लागला.

सर्वांत नाजूक क्षण नोझल काढण्याचा. खाली परात, परातीत ओले फडके, आणि आमच्या कोंबड्या खुराड्यात. चकाकणारी बारीक वस्तू कोंबडीला दाणाच वाटते आणि नवे नोझल नागपूरहून मागवावे लागते. शेजारच्या कोंबड्यांवर माझी सत्ता चालत नाही. म्हणून त्या वेळी सपरीच्या पायरीवर काठी घेऊन बायको बसते आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकीला कारण सांगते. नोझल परत बसवताना बोटाने घट्ट झाले की पान्याचा जेमतेम स्पर्श पुरे. जोर लावला तर त्याचा आटा तुटतो. सैल राहिले तर वाटीत बुडबुडे येतात आणि सगळे पुन्हा उघडावे लागते.

यंदा तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी, बोजारा, म्हणजे नंदीची ओवाळणी, गोळा करून पोट्टे घरोघरी परतल्यानंतर, मी सुई पुसत बसलो असताना मेहुणा आला आणि बराच वेळ शांतपणे पाहत राहिला. "यंत्र भारी हाये, भाऊजी," तो म्हणाला, "आता एवढं काढलंच हाये तं आपला कूलरही मारून द्या, पत्रा पार गंजला." 0.3 मिलिमीटरच्या छिद्रातून चारी बाजूंनी कूलर रंगवण्याचा हिशेब मी त्याला मांडून दाखवला. त्याने तो मन लावून ऐकला, आणि उन्हाळ्याला अजून भरपूर वेळ असल्यामुळे घाई मुळीच नाही, असे सांगून कूलर बैलबंडीतून उतरवून घेतला.