होल्डर कधीही बदलू नये

कोकण किनाऱ्यावरील एखाद्या नाट्यगृहाची व्यवस्था आपल्याकडे नुकतीच आली असेल, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. रंगमंचावरील दिव्यांची चिंता आपण मुळीच करू नये. दिवे उंचावर असतात, तेथवर पोहोचण्यासाठी लागणारा घोडा बहुधा मोडलेला असतो, आणि प्रेक्षक तिकीट काढतात ते नट पाहण्यासाठी. तरीही एखादा आगाऊ प्रकाशयोजनाकार आपल्याला केव्हातरी गाठणारच, म्हणून त्याच्या प्रश्नांना पुरून उरतील अशा काही अनुभवसिद्ध सूचना येथे देत आहे.

दिव्यांची भिंगे पुसू नयेत. फ्रेनेल दिव्याचे ते कड्याकड्यांचे जाड भिंग मुळात दीपगृहासाठी घडले. ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचे भिंग १८२३ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोर्दुआँ दीपगृहात बसले, आणि नाटकवाल्यांनी ते पुढे आपलेसे केले. समुद्राच्या वाऱ्याने भिंगावर मिठाचा थर चढतो हे दीपगृहाच्या रखवालदाराला ठाऊक असते, म्हणून तो बिचारा ते पुसत बसतो. आपल्यावर जहाजांची जबाबदारी नाही. मीठ, लाल धूळ आणि पावसाळ्यातली बुरशी यांचे पूट भिंगाच्या कड्यांत बसून प्रकाश मातकट झाला, तर त्यास वातावरणनिर्मिती म्हणावे. छतातून गळणारे पाणी तापल्या भिंगावर पडून ते तडकले, तरी घाबरू नये. तुकडे पडलेच तर ते नटांच्या अंगावर पडतात, कार्यालयात पडत नाहीत.

दिवे ज्या आडव्या लोखंडी नळीवर टांगतात त्या बारला दिवा बांधून ठेवणारी सुरक्षा साखळी काढून सायकलस्टँडच्या फाटकाला लावावी, तेथे तिचा नित्य उपयोग होतो.

प्लगाची तिसरी, जाड पिन बोर्डात बसत नसल्यास ती कापून टाकावी; अर्थिंगची आठवण ज्याला व्हायची त्याला दिव्याला हात लावताच होईल.

दिव्याच्या आतील वायर जळाली, तर बाजारात मिळणारी घरगुती पीव्हीसीची वायर जोडून वर काळी टेप गुंडाळावी. हॅलोजन बल्बची काच २५० अंशांहून अधिक तापलेली राहिली तरच तंतूवरून उडालेला धातू परत तंतूवर आणणारे आतले हॅलोजनचे चक्र चालते, आणि साधे पीव्हीसी वेष्टन ७० अंशांपुढे टिकण्यासाठी केलेलेच नसते. म्हणून तेथे सिलिकॉन रबराची किंवा काचतंतूच्या आवरणाची वायर लागते असे जाणकार सांगतात. परंतु ती वायर मुंबईच्या लोहार चाळीतून मागवावी लागते, रात्रीच्या गाडीने येणारे पार्सल पहाटे उठून उतरवून घ्यावे लागते, आणि इतके करण्यापेक्षा जळक्या वासाकरिता उदबत्ती लावणे सोयीचे आहे.

आता होल्डर. या बाबतीत माझी सूचना एकच आहे आणि ती शीर्षकातच दिलेली आहे. दिवा बंद पडला की फक्त बल्ब बदलावा. १००० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो, आणि तो सगळा प्रवाह बल्बच्या दोन पिना होल्डरच्या पकडींत जेथे टेकतात तेवढ्याच जागेतून जातो. उष्णतेने पकडीची स्प्रिंग ढिली पडली किंवा खाऱ्या हवेने धातू खाल्ला, की त्या सांध्याचा रोध वाढतो. तो अवघा ०.५ ओहम झाला तरी मोहरीएवढ्या जागेत ९ वॅटची उष्णता साठू लागते, बारीक ठिणग्या उडतात, पिना काळ्या पडतात आणि त्यांवर खड्डे पडतात. अशा होल्डरमध्ये बसवलेला नवा बल्ब अल्पायुषी ठरतो, हे एक वेळ सोडून द्या. तोच खड्डे पडलेला बल्ब काढून दुसऱ्या दिव्यात घातला, की तेथला चांगला होल्डरही खराब होतो, आणि एका हंगामात एका होल्डरचा रोग सबंध बारवर पसरतो. काही शे रुपयांचा हा चिनी मातीचा तुकडा न बदलण्याचे एवढे दूरगामी फळ मिळते.

गेल्या महिन्यात आमच्या हौशी संस्थेचा प्रयोग किनाऱ्यावरच्या अशाच एका नाट्यगृहात होता. पहिल्या अंकात मधला स्पॉट लुकलुकू लागला. मध्यंतरात तेथल्या वायरमनने दिवा खाली घेऊन उघडला तेव्हा मी बॅटरी धरून शेजारी उभा होतो. होल्डरची पांढरी माती तपकिरी झालेली होती, एक पकड बोट जाईल इतकी फाकलेली होती, आणि वायरचे वेष्टन नखाने टोचताच खपल्यांसारखे गळून पडले. वायरमन हळूच म्हणाला, "होल्डर पार जळलो हा, पण सायबांका सांगतलो कोण?" साहेब, म्हणजे नाट्यगृहाचे व्यवस्थापक, शेजारीच उभे होते. त्यांनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बल्ब मागवला, तो शिपायाने उघड्या हातांनी उघडून पाहिला, साहेबांनी काचेवर बोटे फिरवून वॅटेज वाचले, आणि चहा घेऊन आलेल्या पोऱ्यानेही कुतूहलाने तो हातात घेतला. क्वार्ट्झच्या काचेवर बोटांचा तेलकटपणा राहिला की तेवढी जागा अधिक तापते, पांढरी पडते, फुगते आणि फुटते. म्हणून तो बल्ब फडक्याने धरायचा असतो आणि हात लागलाच तर स्पिरिटने पुसायचा असतो, हे मी सांगितले. "अहो, आम्ही वर्षानुवर्षे असेच लावतो," असे उत्तर मिळाले. दुसऱ्या अंकात, आईच्या स्वगताच्या ऐन भरात, मोठा आवाज होऊन तो बल्ब फुटला आणि फटका उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरपर्यंत जाऊन त्यातले त्या दिव्याचे चॅनलही गेले. आमच्या अभिनेत्रीने उरलेले स्वगत बाजूच्या निळ्या जिलेटिनच्या अंधुक उजेडात पूर्ण केले.

आणि मग हिशेब झाला. ज्या बल्बला आमच्यापैकी कोणी स्पर्शही केला नव्हता त्याची किंमत, शिवाय डिमरची दुरुस्ती, आमच्या अनामत रकमेतून कापून घेण्यात आली. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, "वापरकर्त्या संस्थेचा निष्काळजीपणा."

असो. सूचना पुऱ्या केल्या पाहिजेत.

प्रयोगापूर्वी दिवे मंद लावून ऊन करू नयेत. बल्बच्या थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या कित्येक पट कमी असतो, त्यामुळे एकदम पूर्ण विद्युतदाब दिला की पहिल्या क्षणी प्रवाहाचा दणका बसतो आणि म्हातारे बल्ब तेथेच जातात. तेवढीच छाटणी होते.

जनरेटरचा व्होल्टेज तपासू नये. दाब ५ टक्क्यांनी वाढला की बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, परंतु उजेड लख्ख पडतो, आणि उद्‌घाटनाला आलेल्या पाहुण्यांना लख्ख उजेड आवडतो.

जुन्या दिव्यांचा कंटाळा आला असेल तर निधी मिळवून एलईडी घ्यावेत, फीत कापावी, छायाचित्र काढावे, आणि त्यांनाही देखभाल लागते ही अफवा समजून सोडून द्यावी. त्यांच्या पंख्यांत धूळ आणि कोळिष्टके भरली की आतली उष्णता बाहेर पडत नाही, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकतात, आणि मग तेथे बल्ब बदलून भागत नाही, सबंध दिवा कंपनीकडे पाठवावा लागतो. तो परत येईपर्यंत आपली बदली झालेली असते.

पुरे झाले. साहेब, आता सरळ बोलतो. याच मुलखात दशावतारी मंडळी पेट्रोमॅक्सच्या उजेडात रात्र रात्र उभी राहत. बत्तीतले जाळीचे मेंटल एकदा जळले की जरा धक्का लागला तरी चुरते, म्हणून बत्ती सांभाळणारा माणूस जादाची मेंटले जवळ बाळगी आणि वेळेवर बदली. त्याच्याजवळ निविदा नव्हती, देखभालीचा ठेका नव्हता, आवक-जावक नोंदवही नव्हती. तुमच्याजवळ हे सगळे आहे, आणि तुम्हाला एक होल्डर बदलता येत नाही. पावसाळा संपला की प्रत्येक दिवा खाली उतरवून उघडा. ज्या पकडी काळ्या पडल्या आहेत ते होल्डर फेका, आणि त्यांतले बल्बही त्यांच्याबरोबर फेका. गंजलेले हूक आणि बोल्ट बदला, साखळ्या परत लावा, अर्थिंग तपासून घ्या. एखाद्या दिवशी सात-आठ किलोचा दिवा कोणाच्या डोक्यात पडेल, तेव्हा कारणाच्या रकान्यात काय लिहिणार आहात?

दिवसभर नोकरी करून रात्री तालीम करणारी माणसे पदरचे पैसे घालून तुमचे भाडे आगाऊ भरतात. तुमच्या आळसाचा भुर्दंड त्यांच्याकडून वसूल करणे ही लूट आहे, तिला दुसरे नाव नाही. अनामत रकमेसाठीचा आमचा अर्ज तुमच्या टेबलावर पडून आहे, त्यावर तुमच्याच कार्यालयाचा आवक शिक्का आहे, आणि सोबत त्या जळक्या होल्डरचे छायाचित्र जोडलेले आहे. ते पाहा आणि आमचे पैसे परत करा.