दोन लाख किलोमीटर झाले म्हणून पिकअप संपत नाही

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरतोय. त्यात म्हटलंय: पिकअपचं इंजिन दोन लाखाला संपतं, त्याआधी विकून मोकळे व्हा, तोवर मागच्या स्प्रिंगचा एक पाटा वाढवून लागेल तेवढा माल भरा, जुन्या इंजिनात जाड ऑइल घाला, गाडी बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांची) असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाका. चारही सल्ले चुकीचे आहेत. दुसरा तर माणसाच्या जिवावर बेतणारा आहे.

"दोन लाखाला इंजिन संपतं." नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेणारी गाडी आणि पुण्याच्या पेठांत दुकानोदुकानी माल उतरवणारी गाडी, या दोघींचे दोन लाख सारखे नसतात. पहिलीचा सरासरी वेग ताशी 40 धरला तर इंजिन 5,000 तास चाललं. दुसरीचा 15 धरला तर 13,000 च्या वर. इंजिन झिजतं ते तासांनी, थंड स्टार्टने आणि धुळीने. गाडी विकायला काढायच्या आधी इंजिन गरम करून आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइलचं झाकण उघडा. हलकी वाफ आली तर काळजी नको. धूर झटक्याझटक्याने बाहेर फेकला जात असेल तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्या आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. चारपैकी एकाच सिलिंडरचा आकडा पडलेला असेल, तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचाही असू शकतो. लगेच सगळं इंजिनकाम काढू नका. काळा धूर तर बऱ्याचदा चोंदलेल्या एअर फिल्टरचा किंवा टर्बोच्या (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) फाटलेल्या होसचा असतो.

"पाटा वाढवला की वजन पेलतं." पाट्याने गाडी मागून बसत नाही, एवढंच. भार पडतो एक्सल, व्हील बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासीवर, आणि यातलं काहीच पाट्याबरोबर वाढत नाही. रोलर बेअरिंगवरचा भार दीडपट झाला की त्याचं आयुष्य जवळपास चौथ्या हिश्शावर येतं. दुप्पट झाला की दहाव्या. 1.7 टन क्षमतेच्या गाडीत तीन टन कांदा भरून लासलगावहून निघालात, तर कसारा घाट उतरताना ब्रेकचे लायनर तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. दंड वेगळाच: 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000.

ज्यांनी आधीच असा माल वाहिलाय, त्यांनी हौदा रिकामा असताना मागच्या शॅकल ब्रॅकेटजवळची (पाट्याचं टोक जिथे जोडलेलं असतं तिथली) चासी धुऊन, टॉर्च मारून बघावी. रंगात केसाएवढी रेघ आणि तिच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर तिथे तडा गेलाय. तो वरवर वेल्ड मारून बुजवला तर वेल्डच्या शेजारून पुन्हा जातो. पाट्याचं कुठलंही काम झालं की पाटा एक्सलला धरणारे यू-बोल्ट टॉर्क रेंचने आवळून घ्या आणि पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. ते ढिले राहिले की पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालायला लागते.

"जाड ऑइलने झीज थांबते." थांबत नाही. सकाळच्या पहिल्या स्टार्टला ते टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. गाडीच्या पुस्तकात दिलेलाच ग्रेड वापरा. घाट चढून आल्यावर टर्बो निवावा म्हणून मिनिटभर आयडलवर ठेवून मग इंजिन बंद करा.

"डीपीएफ काढला की कटकट संपते." काढणं बेकायदा आहे, आणि कटकटीचं कारण बहुतेक वेळा चालवण्यात असतं. साठलेली काजळी जाळायला साधारण 600 अंश तापमान लागतं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. मग इंजिन जास्तीचं डिझेल सोडून काजळी जाळू बघतं, चालक मध्येच इंजिन बंद करतो, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डीपीएफचा दिवा लागला की वीसेक मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालवा. ऑइलही कमी राखेचं, बीएस-6 साठी सांगितलेलंच हवं. काजळी जळून जाते, ऑइलची राख आत तशीच साठत राहते. आणि रोज सकाळी डिपस्टिक बघा. ऑइल कमी झालं की सगळे धावतात, वाढलं तर कुणी मनावर घेत नाही. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता ते ऑइल त्याच दिवशी काढून टाका.