अन्नसुरक्षेचा निधी कसा शिजवावा

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. तुमच्या संस्थेला अन्नसुरक्षा जनजागृतीसाठी निधी मंजूर झाला आहे आणि तो ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचा आहे. मंजुरीचं पत्र नोव्हेंबरचं, पैसे खात्यावर आले फेब्रुवारी सरताना. यात वावगं काही नाही. पैसा वरून खाली येताना टेबलाटेबलावर विसावा घेतो. घाबरू नका, सांगतो तसं वागलात तर पैसा सुरक्षित राहील. अन्नाचं नंतर बघू.

तुम्हाला वाटेल, आधी गावात जाऊन विचारावं की लोक जेवून आजारी कधी पडतात आणि कशानं. ही खोड आवरा. विचारलंत तर लोक खरं सांगतील. सप्ताहात, यात्रेत, एकादशीला, लग्नाच्या दाट तिथीला. मग कार्यक्रम त्या दिवसांच्या आधी आणि त्या चुलीपाशी घ्यावा लागेल, आणि तिथं फ्लेक्स बांधायला खांबसुद्धा मिळत नाही. त्यापेक्षा ७ जून पकडा. संयुक्त राष्ट्रांनी ठरवून दिलेला जागतिक अन्नसुरक्षा दिन, २०१९ पासून साजरा होतो. आता ७ जून मार्चनंतर येतो ही अडचण आहे खरी. त्यावर उपाय म्हणजे बॅनरवर ‘पूर्वतयारीनिमित्त’ हा शब्द घालायचा. तीन महिने आधीची पूर्वतयारी पाहून वरची मंडळी गहिवरतात.

निधी सरकारी नसून कंपनीचा असेल तर फार फरक पडत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नं ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांवर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करण्याची जबाबदारी टाकलेली आहे, आणि त्यांचाही मार्च आपल्याच महिन्यात येतो. त्यांच्यासमोर मांडताना झाकणं, साबण, पिंप असली भांडीकुंडी काढू नका. लोगो झाकणावरही बसतो, नाही असं नाही. पण झाकण जातं स्वयंपाकघरात आणि फोटोग्राफर थांबतो मंचापाशी. टोप्या आणि टी-शर्ट सुचवा. त्या घालून माणसं हवी तिथं उभी करता येतात.

अंदाजपत्रक करताना एकच पथ्य पाळा, पाण्याचं नाव काढू नका. पाणी म्हटलं की सगळी गणितं चुकतात. समजा, तुम्ही स्टँडबाहेरच्या भेळवाल्याला हात धुवायला शिकवणार आहात. बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, वीस सेकंद, सगळं व्यवस्थित. मग तो विचारणार, धुवायचे कशानं? त्याच्याकडे सकाळी घरून आणलेली एक बादली असते. तिच्यातच प्लेटा विसळायच्या, तिच्यातूनच हात ओले करायचे आणि संध्याकाळपर्यंत तीच पुरवायची. नळ आहे रस्त्यापलीकडे, स्टँडच्या आत, आणि तिथं कर्मचारी त्याला उभं करत नाहीत. म्हणजे आता नगरपालिकेकडे जाऊन चार गाड्यांमागे एक नळ मागा, निचऱ्याची सोय मागा, पावती फाडणाऱ्याशी बोला. यातलं एक काम तरी मार्चअखेरीला होतं का? शिवाय ‘नळ’ हे लेखाशीर्ष जनजागृतीत बसत नाही. पत्रक बसतं. तेव्हा पत्रक छापा. कागद मात्र गुळगुळीत आर्ट पेपरचाच घ्या. साधा कागद भजीवाला पुडीला वापरतो आणि मग छापील शाई अन्नाला लागते म्हणून ओरड होते. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी बंदी घातलीच आहे. आर्ट पेपर तेल पीत नाही, त्यामुळे तो पुडीलाही लागत नाही आणि गठ्ठे जसेच्या तसे शिल्लक राहतात. पुढच्या वर्षी फक्त साल बदललेलं स्टिकर चिकटवायचं.

आता प्रशिक्षणार्थी. ही जागा निसरडी आहे, जपून पाऊल टाका.

स्वयंपाक करणाऱ्याला बोलावू नका. आचारी हा प्रशिक्षणाच्या दृष्टीनं अत्यंत गैरसोयीचा प्राणी आहे. तो रात्री दोनला चूल पेटवतो, सकाळी अकराला झोपतो आणि नेमकं तेव्हाच तुमचं दीपप्रज्वलन असतं. दिवसाची मजुरी बुडवून यायला तो काही आपला कार्यकर्ता नाही, आणि मजुरी भरून द्यायची म्हटली तर तसा रकाना नाही. बरं, आलाच चुकून, तर शंका काढतो. म्हणतो, साहेब, चारशे पानांचा भात एकाच टोपात काढायचा नाही तर कुठं काढायचा, पराती मंडळ देतं का? कच्चं कापायची पाटी आणि शिजलेलं काढायची पाटी वेगळी ठेवा म्हणता, पण कार्यालयवाला सगळी मिळून एकच देतो, ती तुम्ही देता का? त्याच्या प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी कुणीतरी काहीतरी विकत आणायचं असतं. असा माणूस सभागृहात नको.

त्याऐवजी अंगणवाडी सेविका, आशाताई आणि राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं बोलवा. वरून पत्र आलं की त्यांना यावंच लागतं. कुष्ठरोगापासून मतदार जागृतीपर्यंत सगळ्या विषयांना त्यांनी याच खुर्च्यांवर बसून टाळ्या दिलेल्या आहेत, त्यामुळे त्या अनुभवी आहेत. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांना मात्र टाळलेलं बरं. खरं तर रोज शेकडो पोरांच्या तोंडात घास त्याच घालतात. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं जेवण चाखायचं, त्याची नोंद ठेवायची, असा नियम आहे. पण त्या बायका सांगतील की नोंदवहीत महिन्याभराच्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनानं होतात. हे ऐकून शिक्षण विभागाचे पाहुणे अवघडतात, आणि पाहुणे अवघडले की पुढच्या वर्षीचं शिफारसपत्र अडतं.

व्याख्यानाचा मजकूर तयार मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्येच सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं सांगून ठेवली आहेत. स्वच्छता राखा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, नीट शिजवा, योग्य तापमानाला ठेवा, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित वापरा. वक्त्याला सांगा, पहिल्या सूत्रावर पस्तीस मिनिटं बोला, स्वच्छतेवर कुणीही कितीही बोलू शकतं, संतांचे दाखलेही मुबलक आहेत. चौथं सूत्र मात्र घाईत उरका. ५ ते ६० अंशांच्या मधे अन्नात जंतू झपाट्यानं वाढतात, म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त तसंच ठेवू नये, हे वाक्य वक्त्यानं सावकाश म्हटलं तर श्रोते घड्याळ बघू लागतात. कारण बाहेर मांडवात त्यांचा पुलाव साडेअकरालाच येऊन पडलेला असतो, प्रमुख पाहुणे अजून मागच्या कार्यक्रमात असतात, आणि पानं अडीचच्या आत पडत नाहीत. पुलावाखाली स्पिरिटचा दिवा असतो. तो दिसायला छान दिसतो.

आणि भगरीचा विषय काढू नका. हात जोडून सांगतो.

काढलात तर काय काय निघतं बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताह होता, एकादशी होती, प्रसाद भगर-आमटीचा होता. तो खाऊन शेकडो भाविकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत म्हणून झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या लटकवल्या आणि माणसांना उघड्यावर, जमिनीवर झोपवून उपचार केले. ते फोटो सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले. आपल्या अहवालात असे फोटो नकोत, प्रकाशही बरा नव्हता.

शिवाय भगरीबद्दल खरं बोलायचं तर ते फार साधं आहे, त्यात शिबिराला वाव नाही. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते, तिची काही विषं शिजवूनही जात नाहीत. पीठ दळून ठेवलं की ते ओल आणखी लवकर धरतं. तेव्हा सुटी, गेल्या सालची भगर घेऊ नका, पाकिटावरची तारीख बघा, लागेल तेवढंच पीठ घरी दळा, शिजवलं की लगेच वाढा. सणावारांच्या आधी अन्न व औषध प्रशासन या सूचना काढतंच. एवढं सांगायला किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर एक चिठ्ठी पुरते. किंवा सप्ताहाच्या व्यासपीठावरून महाराजांनी दोन मिनिटं सांगितलं तर पंचक्रोशी ऐकते, आणि महाराज त्याचं कोटेशन देत नाहीत. तीन कोटेशनं नसतील तर खर्च दाखवायचा कसा? त्यात पुन्हा भगर दुपारी शिजते, कीर्तन रात्री संपतं आणि पंगत त्यानंतर बसते, हे वेळापत्रक बदला असं विश्वस्तांना कोण सांगणार? मोठ्या टोपात अन्न तासन्‌तास कोमट राहतं, वाढेपर्यंत जंतूंची पंगत उठलेली असते. काही जंतूंचं विष तर पुन्हा उकळूनही मरत नाही. पण विश्वस्तांच्या हस्तेच आपलं उद्घाटन आहे. ‘प्रसादानं काही होत नाही’ असं ते भाषणात म्हणतील. टाळ्या वाजवा.

नोंदणीचा मुद्दा निघालाच तर हसून टाळा. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, अमलात आला ५ ऑगस्ट २०११ पासून, आणि त्याच्या परवाना-नोंदणी नियमांत धार्मिक वा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारासुद्धा येतो. गणेशोत्सव जवळ आला की प्रशासन मंडळांना नोंदणीची आठवण करून देतं. ही नोंदणी लाखांत एकाला कळावी अशा बेतानं सांगा. सगळ्यांनी केली तर विषबाधेनंतर कुणी शिजवलं हे कळू लागेल. आज कसं, ‘गावानं केलं होतं’ म्हटलं की प्रकरण मिटतं. नमुना प्रयोगशाळेत गेला तर कायद्यानं विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस दिलेले आहेत. तोवर टोप घासून पुढच्या गावाच्या सप्ताहाला गेलेलाही असतो.

मूल्यमापन सोपं आहे. आधी एक चाचणी, नंतर एक चाचणी, दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं यश. पहिल्या चाचणीत जंतूंची लॅटिन नावं विचारा, दुसरीत ‘जेवणापूर्वी हात धुवावेत का?’ असं. आलेखाची रेघ कशी उभी चढते बघा. सहा महिन्यांनी परत जाऊन किती गाड्यांवर झाकणं आली, किती मंडळांनी पंगतीची वेळ अलीकडे आणली, असलं मोजमाप करू नका. एक तर तोवर प्रकल्प बंद झालेला असतो, आणि ज्याला पैसे नाहीत ते मोजणं हे आपल्या क्षेत्रात असभ्य मानतात.

आभारप्रदर्शनाआधी प्रश्नोत्तरांना पाच मिनिटं ठेवावी लागतात. तिथं मागच्या रांगेतून एखादी बचत गटाची बाई उठेलच. डबे करणारी असेल. म्हणेल, ‘ताई, तुमचं ते साठ अंश आम्हाला कळणार कसं? बोट घालून बघायचं का?’ अन्नात खुपसायचा थर्मामीटर असतो, हजाराच्या आत येतो, गटाला एक दिला तर पंधरा घरं वापरतील, हे तुम्हाला माहीत असेल तर चेहऱ्यावर दाखवू नका. बाईंचं कौतुक करा, प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणा, माईक परत घ्या. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा, ती बोट उंचावून विचारत असतानाचा फोटो सुरेख येतो. तो अहवालाच्या मुखपृष्ठावर टाका, खाली ओळ द्या, ‘प्रशिक्षणार्थींचा उत्स्फूर्त सहभाग’. थर्मामीटरचं दुसऱ्या टप्प्यात बघू. दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव तयारच आहे, त्यात टी-शर्टची संख्या तेवढी वाढवायची राहिली आहे.