का हरलो ते दिसायला हवं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची पंधरा दिवस आमच्याकडे राहायला होती. नववीतली पोर. मी रात्री जेवणं झाली की स्ट्रीट फायटर ६ हा दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम खेळतो हे तिला माहीत होतं. पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "मामा, मलापण शिकव ना." मला झालेला आनंद सांगता येत नाही. घरातलं कुणीतरी शेजारी बसून खेळायला मागतंय, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा घडत होतं. मी दुसरा कंट्रोलर काढला. सहा बटणं समजावली. हाडोकेन म्हणजे लांबून फेकायच्या गोळ्यासाठी खाली, तिरकं, पुढे आणि पंच. शोर्युकेन म्हणजे वर उसळत मारायच्या ठोशासाठी पुढे, खाली, तिरकं आणि पंच. मग ड्राइव्ह गेज, ड्राइव्ह इम्पॅक्ट, पॅरी, सुपरच्या तीन पातळ्या. दोन तास मी बोलतच होतो. नंतर खेळलो. मी हात राखून खेळत होतो, तरी ती ओळीने सगळ्या मॅच हरली.

हरण्याचं तिला विशेष वाटलं नाही. ती शाळेच्या कबड्डीच्या संघात आहे, हार-जीत तिच्या रोजच्या पाहण्यातली. तिने एवढंच विचारलं, "मी हरले कशामुळे?" आणि मला धड उत्तर देता येईना. उत्तर होतं, पण ते असं: तू लांबून उडी मारलीस, वार पोचला नाही, खाली येताना मी मारलं, त्यातून कॉम्बो, म्हणजे एकाला जोडून एक वार, निघाला, तू कोपऱ्यात गेलीस, ब्लॉक करता करता तुझा ड्राइव्ह गेज संपला, बर्नआउट झालीस, मग मी... ती मान हलवत होती. दुसऱ्या दिवशी तिने कंट्रोलरला हात लावला नाही.

चूक माझी होती. आणि माझी खात्री आहे की ही चूक आपल्यापैकी बहुतेक जुन्या खेळाडूंनी कधी ना कधी केली आहे. नवीन माणूस हरला म्हणून सोडून जात नाही. आपण का हरलो हे त्याला दिसत नाही, म्हणून जातो. अवघड फायटिंग गेमकडे कुणाला न्यायचं असेल तर आधी सोपा गेम हातात द्यावा, या मताचा मी आता पक्का झालो आहे. पण कोणताही सोपा गेम नव्हे. ज्यात हरण्याचं कारण पडद्यावर उघडं दिसतं, असाच.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण "नवीन आहेस? मग हा घे" म्हणून सर्रास सुचवले जाणारे गेम वेगळ्याच अर्थाने सोपे असतात. २०१८ साली आलेला ड्रॅगन बॉल फायटरझी घ्या. एकच बटण दाबत राहिलं की आपोआप झकास कॉम्बो होतो, पडदा उजेडाने भरून जातो. पहिली दहा मिनिटं मजा येते. पण समोरचा थोडा जरी जाणकार असला तर तीन-तीन पात्रं, मदतीला धावून येणारे साथीदार आणि सगळीकडून होणारा मारा यांत नवखा माणूस नुसता बघत उभा राहतो. स्ट्रीट फायटर ६ मध्येच डायनॅमिक नावाचा पर्याय आहे. त्यात आपण बटण दाबायचं आणि समोरच्यापासूनचं अंतर बघून कुठला वार करायचा ते कॉम्प्युटरने ठरवायचं. घरी पाहुण्यांच्या मुलांना खेळवायला चांगलं आहे ते. पण जे शिकायचं आहे तेच काम दुसऱ्याने केलं, तर शिकणार कसं?

आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात. डबा बुडू देत नाही, पण हातपाय आपले आपणच मारायचे असतात, पाणी नाकात जायचं तेही आपल्याच. दुसरा प्रकार म्हणजे काकाच्या खांद्यावर बसून विहीर पार करणं. आपोआप होणारे कॉम्बो म्हणजे काकाचा खांदा. मला डबा हवा होता.

तर तिसऱ्या दिवशी मी तिला फूटसीज दाखवला. हायफाइट या नावाने फायटिंग गेमचे व्हिडिओ करणाऱ्याने बनवलेला छोटासा फुकट गेम आहे. डावीकडे, उजवीकडे आणि वाराचं एकच बटण. उडी नाही, कॉम्बोची पाठांतरं नाहीत. मागे सरकलं की ब्लॉक, पण ब्लॉकही मोजके. ते संपले की मागे जाऊन उपयोग नाही. एक खरा वार नीट बसला की खेळ संपला. पाचेक मिनिटांत भाची म्हणाली, "अरे, ही तर कबड्डीच आहे!" मी नुसता बघत राहिलो. खरंच होतं तिचं. चढाईला गेलेला खेळाडू बचाव करणाऱ्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर तरंगत राहतो, अर्धं पाऊल आत टाकतो, त्याला पकडीसाठी झेप घ्यायला लावतो, आणि झेप फुकट गेली की त्याच क्षणी स्पर्श करून परत येतो. स्ट्रीट फायटरमध्ये आम्ही वर्षानुवर्षं घोटतो ते हेच. तिला ते आधीपासून येत होतं! मीच ते सहा बटणं आणि तीन सुपरच्या ढिगाऱ्याखाली पुरून ठेवलं होतं.

फूटसीज अर्धा तास पुरतो. त्यानंतर मी तिला ज्यावर नेलं तो गेम म्हणजे फँटसी स्ट्राइक. २०१९ मध्ये आला, २०२० मध्ये फुकट झाला. तो करणारा डेव्हिड सर्लिन त्याआधी स्ट्रीट फायटर २ च्या एचडी रीमिक्स या २००८ च्या आवृत्तीवर काम करत होता आणि तिथेही त्याने काही अवघड चाली सोप्या केल्या होत्या. फँटसी स्ट्राइकमध्ये तो थेट मुळाशी गेला. खाली बसणं नाहीच. अर्धवर्तुळं, पूर्ण वर्तुळं काढणं नाही. प्रत्येक खास वार एका बटणावर. कीबोर्डवरही आरामात खेळता येतो, म्हणजे कंट्रोलर विकत घ्या ही पहिली अट गेली.

मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती लाइफ दाखवायची पद्धत. स्ट्रीट फायटर ६ मध्ये रियू या पात्राची लाइफ १०,००० गुणांची असते आणि पट्टी सरसर ओसरते. कुठला वार किती लागला ते नवख्याला कळणं कठीण. फँटसी स्ट्राइकमध्ये लाइफ म्हणजे बोटांवर मोजता येतील असे ठोकळे. वार बसला, ठोकळा गेला. "आत्ता का गेला?" या प्रश्नाचं उत्तर दर वेळी एका वाक्यात देता येतं. उडी मारलीस म्हणून. नुसतीच ब्लॉक करत बसलीस म्हणून थ्रो झाला, म्हणजे मी पकडून आपटलं. थ्रो होईल म्हणून घाईने बटण दाबलंस, तर मी वारच केला.

वार, ब्लॉक, थ्रो. वाराला ब्लॉक अडवतो, ब्लॉकला थ्रो उचलतो, थ्रो करायला आलेल्याला वार आधी लागतो. दगड-कागद-कात्रीचाच हा डाव आहे आणि सगळे मोठे फायटिंग गेम याच्यावर उभे आहेत. फँटसी स्ट्राइकमध्ये थ्रोपासून सुटायची रीत तर मला फारच सुंदर वाटते: हात सोडून द्यायचे. समोरचा थ्रो करणार असं वाटलं की काहीही दाबायचं नाही, स्वस्थ उभं राहायचं. अंदाज बरोबर निघाला तर थ्रो त्याच्यावरच उलटतो. याला ते योमी काउंटर म्हणतात. योमी म्हणजे जपानीत वाचणं, समोरच्याच्या मनातलं वाचणं. पहिल्यांदा जमलं तेव्हा भाची खुर्चीतून उठली. काहीही न करता जिंकलेला तो डाव होता, कारण मी काय करणार ते तिने ओळखलं होतं. फायटिंग गेमचा असली थरार हाच. मला तो गवसायला किती वर्षं लागली होती, तिला चौथ्या दिवशी मिळाला.

आता आमच्यातलेच काही जण म्हणतात, स्ट्रीट फायटर ६ मध्ये मॉडर्न कंट्रोल आहेत की, एका बटणावर खास वार होतो, मग वेगळा गेम कशाला? मॉडर्न मला मनापासून आवडतं. त्याला शिव्या देणाऱ्यांशी माझं जमत नाही. एका बटणाच्या खास वाराला २०% कमी मार देऊन गेमने त्याचा हिशोब आधीच चुकता केला आहे. पण मॉडर्न हाताचं ओझं उतरवतं, डोळ्यांचं तसंच ठेवतं. पॅरी, इम्पॅक्ट, रश, बर्नआउट, तीन पातळ्यांचे सुपर हे सगळं पडद्यावर पहिल्या मिनिटापासून एकदम चालू असतं. नवख्याला त्यातलं कशाकडे बघायचं तेच कळत नाही. म्हणून मॉडर्न ही माझ्या मते दुसरी पायरी. पहिली नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. "आम्हाला कुणी शिकवलं होतं?" खरंय, नव्हतं शिकवलं. माझं शिक्षण एस. टी. स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात झालं. कॉइन टाकायचा, किंग ऑफ फायटर्स ९७ वर उभं राहायचं, हरलो की मागे सरकून बघत राहायचं. पण त्या दुकानात मला हरवणारे कोण होते? माझ्यासारखेच, फार तर वर्षभर आधी आलेले. आम्ही सगळे एकत्रच अडाणी होतो. एकाने शोधलेली चाल आठवड्यात सगळ्यांना यायची. लाहोरच्या दुकानांमधून तयार झालेला अर्सलान ॲश २०१९ मध्ये एव्हो जपान आणि अमेरिकेतलं एव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या मेळाव्यांतल्या टेकन या गेमच्या दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकून गेला, तेव्हा जग चकित झालं. मला त्यात सगळ्यात आधी दिसला तो त्याच्यामागचा घोळका, रोज एकमेकांना हरवणारा आणि हरवता हरवता शिकवणारा. आज माझ्या भाचीला ऑनलाइन समोर येतो तो माणूस कदाचित १९९१ पासून स्ट्रीट फायटर खेळत असतो, आणि मॅच संपली की एक शब्द न बोलता निघून जातो. आम्हाला फुकट मिळालेली शाळा तिच्या वाट्याला नाही. मग निदान पाठीला डबा तरी बांधून द्यायला नको का?

आणि हातांच्या चपळाईवर सगळं अवलंबून असतं, हा समजही सोडायला हवा. हांगझोऊच्या एशियाडमध्ये २०२३ साली स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने जिंकलं, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता.

आता अडचणींचंही सांगतो, कारण त्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. सोप्या गेमच्या काही सवयी अवघड गेममध्ये नडतात. फँटसी स्ट्राइकमध्ये खाली बसणंच नसल्यामुळे स्ट्रीट फायटरमध्ये आल्यावर भाची उभ्याने ब्लॉक करायची आणि पायांवरचे सगळे वार खायची. खाली बसून ब्लॉक करायची सवय लागायला चार-पाच दिवस गेले. थ्रोचं तर अगदी उलटं. तिथे हात सोडायचे, इथे थ्रोचंच बटण दाबून सुटका करून घ्यायची. ती छान ओळखायची की थ्रो येतोय, आणि शांतपणे हात सोडून बसायची! अंदाज अचूक आणि तरी पाठीवर आपटणं. त्याचा तिला खूप राग आला, आणि तो रास्त होता. हा फरक मी आधीच सांगायला हवा होता. उडीही तिथे बटणावर, इथे वरच्या दिशेला.

म्हणून गेम बदलताना मी एका वेळी एकच गोष्ट बदलायचं ठरवलं. पहिले दोन दिवस मॉडर्न कंट्रोल, रियू, आणि फक्त खाली बसून ब्लॉक. मी ड्राइव्ह इम्पॅक्ट वापरणार नाही असं कबूल केलं आणि पाळलं. मग थ्रोची सुटका. मग उडी मारून येणाऱ्याला शोर्युकेनने पाडणं. रोज एक. कॉम्बो मी शिकवलेच नाहीत. ते तिने स्वतः ट्रेनिंगमध्ये बसून शोधले, कारण तोवर तिला ते कशासाठी हवेत हे कळलं होतं. माझ्यासाठी या सगळ्यातला सर्वांत मोठा धडा तो होता.

आणि कुणी फँटसी स्ट्राइकवरच थांबला तर? थांबू द्या. मी एका मित्रालाही असंच शिकवलं. त्याला स्ट्रीट फायटर नको वाटला, तो आजही माझ्याशी फक्त फँटसी स्ट्राइकच खेळतो, आणि रविवारी सकाळी आमच्या मॅच चुरशीच्या होतात. आपल्या गेमची भरती करण्यासाठी सोपा गेम हातात दिला आणि माणूस पुढे आला नाही म्हणून रुसून बसलो, तर त्यालाही ते जाणवतं. तो गेम स्वतःच्या जोरावर चांगला आहे. आपल्याला तो खरोखर आवडत असेल तरच दुसऱ्याला द्यावा. मात्र ऑनलाइन तिथे खेळणारे थोडे असतात, त्यामुळे शेजारी बसून खेळणारं कुणीतरी लागतं. ती जबाबदारी शिकवणाऱ्याची.

परवा रात्री भाचीचा व्हिडिओ कॉल आला. आता ती तिच्या घरी बाबांच्या कॉम्प्युटरवर स्ट्रीट फायटर खेळते, मॉडर्नवरच, आणि ऑनलाइन मॅच लावते. नुकतीच एक हरली होती. मी विचारायच्या आधीच सांगायला लागली, "मामा, मी दोनदा त्याच जागेवरून उडी मारली, दोन्ही वेळा त्याने पाडलं. तिसऱ्यांदा मी मारणार नाही असं त्याला वाटलं असणार, म्हणून मी मारली. तर तेही त्याने ओळखलं." मग म्हणाली, "थांब, तो परत खेळायचं म्हणतोय," आणि फोन तसाच बाजूला ठेवून दिला.